पैसे नंतर, आधी थर्ड डाउन मागा

या वेळी डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र घेतोय. विषय अमेरिकन फुटबॉलचा. पत्र चांगलं लांबलचक आहे, कामाचं तेवढं खाली देतो, कंसातले अर्थ माझे.

"आम्ही मूळचे सांगलीकडचे. धाकटा मुलगा इथे टेक्सासमध्येच एका ग्रुप ऑफ फाइव्हवाल्या (पहिल्या श्रेणीतल्याच, पण लहान गटातल्या) युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतोय आणि फुटबॉल खेळतोय, रनिंग बॅक. पहिलं वर्ष रेडशर्ट (न खेळता राखून ठेवलेलं) होतं, आता तिसरं चालू आहे, म्हणजे खेळायची अजून दोन वर्षं शिल्लक. या सीझनला २१४ कॅरी (बॉल घेऊन पळायच्या खेपा), ११६० यार्ड, ११ टचडाउन. उंची ५ फूट १० इंच, वजन २०४ पाउंड. आता म्हणतो ड्राफ्टला (व्यावसायिक लीग एनएफएलच्या टीम कॉलेजची मुलं निवडतात तो) नाव देतो. त्याच्या ट्रेनरच्या ओळखीतून एका मोठ्या कॉलेजचाही निरोप आलाय की पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) ये, पैसे भरपूर देऊ. एक एजंट रोज मेसेज करतोय. ह्यांचं म्हणणं एकच, पुरे झाला फुटबॉल, डोकं फुटायच्या आत डिग्री घे. दोघांच्या मधे माझं सँडविच झालंय. आम्हाला यातलं काही कळत नाही. तो खरंच एनएफएलमध्ये जाईल का? स्पष्ट सांगा."

ताई, स्पष्टच सांगतो. याच वर्षी ड्राफ्टला नाव दिलं तर माझ्या मते सातही राउंडमध्ये त्याचं नाव पुकारलं जाणार नाही, आणि पुकारलंच तर अगदी शेवटी शेवटी. पुढच्या वर्षी मात्र चान्स आहे, बऱ्यापैकी आहे, पण तो अकराशेचे पंधराशे यार्ड झाले म्हणून वाढणार नाही, वेगळ्याच एका गोष्टीने वाढेल, तिच्यावर येतोच. आणि "आम्हाला काही कळत नाही" म्हणता म्हणता तुम्ही रेडशर्टपासून पोर्टलपर्यंत सगळं बरोबर लिहिलंयत, त्यामुळे तेवढं एक वाक्य मी मनावर घेत नाही.

आधी आकडे उरकून टाकू. एनएफएलच्या ३२ टीम, ड्राफ्टचे ७ राउंड, दरवर्षी अडीचशेच्या थोडी वर मुलं घेतात, २०२५ ला २५७ घेतली. ड्राफ्टला पात्र असलेली कॉलेजची मुलं असतात सोळा हजारांच्या आसपास. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए, तिच्याच अंदाजाने त्यातली १.६ टक्के वर जातात. रनिंग बॅक म्हणाल तर एका ड्राफ्टमध्ये वीसच्या आसपास जातात, कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. तुमचा मुलगा पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात स्टार्टर आहे म्हणजे मोठी चाळणी आधीच पार केलीय हे खरं, पण एका सीझनला हजार यार्ड पळणारी पोरं देशात डझनांनी निघतात, त्यामुळे ११६० हा आकडा बघून कुठला स्काउट विमान पकडेल असं नाही.

आता रनिंग बॅकचं दुखणं बाकीच्या पोझिशनपेक्षा वेगळं का ते सांगतो, कारण ते तुमच्या ह्यांनाही कळायला हवं आणि पोराला तर हवंच हवं. (जे फुटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी: पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून बॉल हातात घेऊन समोरच्या आडदांड लोकांच्या गर्दीत घुसायचं आणि पाडेपर्यंत पळायचं, हा रनिंग बॅक.) एकेकाळी हा टीमचा राजा असायचा. मग टीमवाल्यांच्या लक्षात यायला लागलं की पळणाऱ्याइतकंच, किंबहुना जास्तच, श्रेय पुढे ब्लॉक करणाऱ्या पाच जणांचं असतं. डेन्व्हर ब्रॉन्कोसचं उदाहरण सगळ्यात बोलकं. टेरेल डेव्हिस १९९५ ला सहाव्या राउंडमध्ये १९६ व्या नंबरला मिळाला आणि १९९८ ला २००८ यार्ड पळाला, आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. १९९९ ला त्याचा गुडघा गेला. मग पळायचं थांबलं का? तर नाही, त्याच सीझनला ऑलांडिस गॅरी नावाचा चौथ्या राउंडचा पोरगा ११५९ यार्ड पळाला, आणि २००० ला माइक अँडरसन, सहाव्या राउंडचा, त्याआधी मरीनमध्ये नोकरी केलेला, तो १४८७ पळाला. डेव्हिस मोठाच होता, त्यात वाद नाही, पण बाकीच्या टीमनी यातून काढायचा तो अर्थ काढला, की बाबा पळणारा स्वस्तात मिळतो, पैसा दुसरीकडे लावा.

त्याचा परिणाम पुढे दिसतोच. २०१३, २०१४, २०२२ आणि २०२४ या चार ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला एकही रनिंग बॅक गेला नाही. २०२३ ला फ्रँचायझी टॅगचा, म्हणजे टीमने खेळाडूला एक वर्ष अडकवून ठेवायचा ठरलेला दर, रनिंग बॅकसाठी होता सुमारे १ कोटी १ लाख डॉलर, पास पकडणाऱ्या रिसीव्हरसाठी १ कोटी ९७ लाख, क्वार्टरबॅकसाठी ३ कोटी २४ लाख. त्या उन्हाळ्यात मोठमोठे रनिंग बॅक एकत्र झूम कॉलवर बसले होते, आपलं काय करायचं म्हणून. निघालं काहीच नाही त्यातून.

आता तुमचा मुलगा म्हणेल, काका, पण सेक्वॉन बार्कलीचं काय. बरोबर आहे त्याचं. जायंट्सने सोडलेला बार्कली २०२४ ला ईगल्सकडे गेला, २००५ यार्ड पळाला, सुपर बोल जिंकला आणि मार्च २०२५ ला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वरचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन बसला. लगेच २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ॲश्टन जेंटी सहावा गेला, ओमेरियन हॅम्प्टन बाविसावा गेला. बाजार थोडा सुधारलाय हे मान्य. पण सुधारलाय तो वरच्या दोनचार जणांसाठी, पाचव्या सहाव्या राउंडच्या पोराचा दर होता तोच आहे.

आणि खरी मेख वयात आहे. ड्राफ्ट झालेल्याचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, रक्कम जवळपास ठरलेली, तीन सीझन होईपर्यंत वाढवून मागायची सोय नाही. मुलगा बावीस तेविसाव्या वर्षी जातो, सगळ्यात जोरात पळायची वर्षं त्या ठरलेल्या पैशात जातात, आणि मोकळा होतो तेव्हा सव्वीस सत्तावीसचा असतो, म्हणजे रनिंग बॅकच्या हिशोबाने उतरणीला लागलेला. फास्ट बॉलरच्या पाठीचं जसं असतं ना, ओव्हर मोजून येतात, तसंच इथे कॅरी मोजून येतात. टॉड गर्ली बघा, २०१७ ला लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, २०१८ च्या उन्हाळ्यात पावणेसहा कोटी डॉलरच्या घरातलं नवीन कॉन्ट्रॅक्ट, मार्च २०२० ला रॅम्सने सोडून दिला, गुडघा साथ देईना, आणि त्याच वर्षी २६ व्या वर्षी शेवटचा सीझन खेळला. अपवाद आहेत की. डेरिक हेन्री ३० व्या वर्षी १९२१ यार्ड पळाला. फ्रँक गोरचे दोन्ही गुडघे कॉलेजात फाटले होते, तिसऱ्या राउंडला गेला आणि १६ सीझन खेळला. पण आपलं पोरगं फ्रँक गोर निघेल या भरवशावर घर चालवता येत नाही.

खेळाडूंच्या युनियनचा नेहमी सांगितला जाणारा आकडा असा, की रनिंग बॅकची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांच्या आसपास. आणि पेन्शन लागू व्हायला लागतात तीन सीझन. ह्यावर मी काही बोलत नाही, तुमच्या ह्यांना फक्त हे वाचून दाखवा.

बरं, आता आत्ताच गेला तर काय होईल ते जरा जवळून बघा, म्हणजे "नाव देतो" हे दोन शब्द किती महाग आहेत ते कळेल. नाव नाही पुकारलं तर शनिवारी संध्याकाळी ड्राफ्ट संपता संपता फोन येतो, अनड्राफ्टेड म्हणून ये, बोनस किरकोळ. उन्हाळ्यात ९० जण कॅम्पला. त्यात रनिंग बॅक पाच सहा, त्यातले तीन चार राहणार. ऑगस्टच्या शेवटी ९० चे ५३ करायचे. त्या दिवशी लॉकर रूममध्ये एक माणूस फिरतो, त्याला तिथे टर्क म्हणतात, तो येऊन हळूच खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो, कोच बोलावतायत, सोबत प्लेबुक आण. आजकाल प्लेबुक टॅबलेटवर असतं, पण वाक्य तेच राहिलंय. सुटलेल्यांपैकी काही जण प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरते, परत येतात, २०२५ ला नवख्याला आठवड्याचे १३ हजार डॉलर मिळायचे, वाईट नाहीत, पण आठवड्याच्या बोलीवर, मंगळवारी काढलं तर मंगळवारी संपलं. ५३ मध्ये राहिला तर २०२५ ला नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर. सातव्या राउंडच्या पिकला चार वर्षांचा आकडा चाळीस लाख डॉलरच्या वर लिहिलेला दिसतो आणि नातेवाईकांना तोच कळतो, पण त्यात हातात नक्की येणारा बोनस लाखभराच्या घरात, बाकीचं सगळं राहिलास तर.

आणि एकदा गेलं की परत कॉलेज नाही. मॉरिस क्लॅरेटची गोष्ट जुनी झालीय पण मला अजून सगळ्या घाई करणाऱ्यांना सांगावीशी वाटते. ओहायो स्टेटला २००२ चं चॅम्पियनशिप जिंकून देणारा पहिल्या वर्षाचा पोरगा. हायस्कूलनंतर तीन वर्षं थांबायच्या नियमाविरुद्ध कोर्टात गेला, २००४ ला अपिलात हरला, मधे खेळणं बंद, २००५ ला डेन्व्हरने तिसऱ्या राउंडमध्ये घेतला आणि सीझन सुरू व्हायच्या आत सोडला. एनएफएलची एकही खरी मॅच खेळला नाही. तुमचा मुलगा नियमात बसतो, तीन वर्षं झालीत, पण नियमात बसणं वेगळं आणि तयार असणं वेगळं.

मग तयार म्हणजे काय? इथे ती गोष्ट येते.

तुम्ही पत्रात कॅरी दिल्यात, यार्ड दिलेत, टचडाउन दिलेत. पास किती पकडले ते दिलं नाहीत. थर्ड डाउनला तो मैदानात असतो की बाहेर बसवतात तेही दिलं नाहीत. (तुमचा दोष नाही, पेपरात पण तेच छापतात.) एनएफएलची टीम आधी हेच विचारते.

थर्ड डाउन म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली तिसरी. समजा अजून आठ यार्ड हवेत, स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही माहितीय की आता पास होणार. मुलगा क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा. बॉल सुटायच्या आधी त्याने समोर नजर फिरवायची, कोण कोण येणार. पाच जणांना आपले पाच लाइनमन घेतील, सहावा आला तर तो याचा. आणि सहावा कोण हे लपवायचे तर समोरच्या कोचला पैसे मिळतात, एक जण पुढे झुकल्यासारखं करतो आणि मागे जातो, दुसरा निवांत उभा असतो आणि तोच सुटतो. बॉल सुटला, २४० पाउंडांचा लाइनबॅकर मधल्या फटीतून धावत आला, आता याने मागे सरकायचं नाही, बाजूला होऊन खांदा द्यायचा नाही, एक पाऊल पुढे टाकायचं, कंबर खाली, हात आतल्या बाजूने त्याच्या छातीवर, आणि दोन सेकंद थोपवायचं. बस, दोन सेकंद. बॉल गेला की काम झालं, टाळ्या दुसऱ्याला. आणि चुकला तर वर्षाला पाच कोटी डॉलर घेणारा क्वार्टरबॅक उताणा पडलेला असतो आणि सोमवारी व्हिडिओ बघताना खोलीतले सगळे याच्याकडे बघत असतात. ज्याच्यावर हे दोन सेकंद सोपवता येत नाहीत तो कितीही पळो, त्याला थर्ड डाउनला बाहेरच बसावं लागतं, आणि नवीन पोराला बाहेर बसवायचंच असेल तर ५३ मध्ये ठेवायचं कशाला.

कायरेन विल्यम्स नोत्र दामचा, २०२२ च्या कम्बाइनला (ड्राफ्टआधीची चाचणी) ४० यार्ड पळायला ४.६५ सेकंद लागले, रनिंग बॅकसाठी हे स्लोच म्हणायचं, उंचीलाही तुमच्या मुलापेक्षा कमी. पाचव्या राउंडला रॅम्सने घेतला. पण ब्लिट्झ, म्हणजे तो धावून येणारा सहावा, थोपवण्यात कॉलेजपासून पक्का, पास पकडायला पक्का. २०२३ ला ११४४ यार्ड, २०२५ ला तीन वर्षांचं ३ कोटी ३० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट. ऑस्टिन एकेलर तर कोलोरॅडोतल्या डिव्हिजन टू कॉलेजचा, ड्राफ्टच झाला नाही, आणि २०२२ ला १०७ पास पकडून बसला.

याहून मला आवडणारं उदाहरण मेम्फिसचं, कारण ते कॉलेजही तुमच्या मुलाच्या कॉलेजच्याच पातळीतलं. २०१८ ला तिथे दोन रनिंग बॅक होते, डॅरेल हेंडरसन १९०९ यार्ड पळाला, त्याचा देशभर गाजावाजा. दुसरा टोनी पोलार्ड, त्याला हातात बॉल मोजकाच मिळायचा, तो रिसीव्हरसारखा पास पकडायचा आणि किकऑफ, म्हणजे समोरच्यांनी किक मारून दिलेला बॉल, पकडून परत आणायचा, त्यावर त्याने कॉलेजात सात टचडाउन केले. २०१९ ला हेंडरसन तिसऱ्या राउंडला गेला, पोलार्ड चौथ्या. हेंडरसनला रॅम्सने २०२२ च्या सीझनमध्येच सोडला. पोलार्डला २०२३ ला काउबॉइजनी तो १ कोटीचा टॅग लावला, २०२४ ला टायटन्सने तीन वर्षांचं २ कोटी १७ लाखांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. मधे पाय मोडला होता त्याचा, तरी. कॉलेजात कमी मार खाल्लेलं अंग आणि जास्त कामं येणारे हात, एवढंच भांडवल.

म्हणून म्हणतो, मुलाने पुढच्या वर्षी २१४ च्या २८० कॅरी मागू नयेत. कोच आपणहून देईल, कॉलेजच्या कोचला तुमच्या मुलाच्या २६ व्या वर्षाशी काय घेणं, त्याला ऑक्टोबरची मॅच जिंकायचीय. मागायचं असेल तर थर्ड डाउन मागावा, स्लॉटमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या आतल्या जागेवर, उभं राहून पास पकडायचे दोनचार प्ले मागावेत, आणि किकऑफच्या टीममध्ये जागा मागावी. २०२४ पासून एनएफएलने किकऑफचा नियम बदललाय, बॉल परत आणायचं प्रमाण पुन्हा वाढलंय, त्यामुळे पळता येणाऱ्या चौथ्या रनिंग बॅकला त्यात काम मिळतं. रहीम मोस्टर्ट ड्राफ्ट झाला नव्हता, एकामागून एक टीमनी काढला, टिकला तो स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या टीमवर, आणि २०२३ ला ३१ व्या वर्षी मायामीसाठी २१ टचडाउन करून बसला. किकऑफला धावत जाऊन टॅकल करायला आपल्या पोरांना कमीपणा वाटतो. वाटू देऊ नका.

हे सगळं मागता येतं का? पूर्वी नसतं आलं. आता येतं, कारण पोर्टल आहे आणि मुलगा निघून जाईल ही भीती कोचला आहे. बहुतेक पोरं या भीतीचे पैसे करून घेतात. करू दे त्यालाही थोडे, १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, त्याच्या कॉलेजाकडे मोठ्यांइतके नसतील पण काहीतरी असेल, नक्की विचारा. पण मुख्य मागणी पैशाची नको, थर्ड डाउनची.

त्या मोठ्या कॉलेजबद्दल. एक तर मुलगा पोर्टलमध्ये नसताना कॉलेजने संपर्क करणं नियमात बसत नाही, म्हणूनच निरोप ट्रेनरच्या ओळखीच्या ओळखीतून येतो, म्हणजे उद्या शब्द फिरला तर विचारायचं कोणाला? रक्कम लेखी येईपर्यंत ती रक्कम नाही. दुसरं, इंजिनिअरिंगचे क्रेडिट. तिसऱ्या वर्षात कॉलेज बदललं की एखादा सेमिस्टर सहज वाया जातो, आणि ह्यांच्याशी भांडण वाढतं ते वेगळंच. तिसरं म्हणजे मोठ्या कॉलेजात गेल्याशिवाय स्काउट बघत नाहीत हा समज. जेंटीचं नाव वर घेतलं ना, तो तुमच्या जवळच्याच फ्रिस्कोच्या हायस्कूलमधला, गेला आयडाहोतल्या बॉइसी स्टेटला, मोठ्या पैशांची बोलावणी आली तरी तिथेच थांबला, २०२४ ला २६०१ यार्ड पळाला आणि सहावा पिक झाला. सगळे जेंटी नसतात, माहितीय. पण व्हिडिओ सगळ्या कॉलेजांचा सगळ्या टीमकडे जातो, लपून कोणी राहत नाही.

माझा आराखडा असा. पुढचं वर्ष इथेच, त्यात डिग्री पूर्ण. डिग्री हातात असताना ड्राफ्टला जा. दुखापत झाली किंवा लीगकडून ड्राफ्टचा ग्रेड वाईट आला तरच उरलेलं शेवटचं वर्ष वापरा, तेव्हा ग्रॅज्युएट म्हणून मोठ्या कॉलेजात जाता येईल, क्रेडिटचा प्रश्नच राहणार नाही. नुसतं वर्ष शिल्लक आहे म्हणून खेळू नका, रनिंग बॅकला जास्तीचं वर्ष म्हणजे जास्तीचा मार आणि ड्राफ्टच्या दिवशी जास्तीचं वय. मार्कस लॅटिमोरचे कॉलेजात २०११ आणि २०१२ ला लागोपाठ गुडघे गेले, साउथ कॅरोलायनाचा होता, पहिल्या राउंडचा म्हणायचे त्याला, चौथ्या राउंडला गेला आणि एकही मॅच न खेळता २०१४ ला थांबला. म्हणून पुढच्या सीझनच्या आधी दुखापतीच्या विम्याची कॉलेजात चौकशी करून ठेवा.

आता तुमचे मिस्टर. त्यांना हट्टी म्हणू नका, त्यांची भीती खरी आहे. बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०२३ पर्यंत ३७६ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले, ३४५ मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, सापडला. आता ते मेंदू ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांनी दिलेले जास्त, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंमध्ये एवढं प्रमाण असा त्याचा अर्थ होत नाही, आणि जिवंत माणसात तो आजार नक्की निदान करता येत नाही. पण म्हणून घाबरायचं कारणच नाही असंही मी म्हणणार नाही. मुलाला एकटं बसवून विचारा, आजवर किती वेळा डोक्याला लागून गरगरलंय, ट्रेनरला न सांगितलेलं धरून. उत्तर शून्य किंवा एक आलं तर वरचा आराखडा. दोन तीन आलं तर आधी न्यूरॉलॉजिस्ट, आणि मग माझं मत ह्यांच्या बाजूने वळेल, यार्ड कितीही असोत. जॉन अर्शेल रेव्हन्सचा लाइनमन होता, एमआयटीत गणिताची पीएचडी करत करत खेळायचा, जुलै २०१७ ला असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि दोन दिवसांत २६ व्या वर्षी त्याने खेळ सोडला, आता एमआयटीतच शिकवतो. ह्यांना तो किस्सा आवडेल. मुलाला पण सांगा, कारण अर्शेल आधी तीन सीझन खेळला, हेही त्यात आहेच.

भारतीय वंशाचं पोर एवढ्या वर जातं का, असं तुम्ही शेवटी चाचरत विचारलंयत. ब्रँडन चिलार, वडील भारतीय, २००४ ला चौथ्या राउंडला रॅम्सने घेतला, नंतर पॅकर्सकडून खेळला, लाइनबॅकर. म्हणजे जातं. टीमवाले आडनाव वाचत नाहीत, थर्ड डाउनचा व्हिडिओ बघतात.

राहिला एजंट. खेळाडूंच्या युनियनचं सर्टिफिकेट आहे का एवढंच आत्ता बघा, कमिशन ३ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि एनएफएलसाठी म्हणून सही केली की कॉलेजचा खेळ संपला, मग तो म्हणो की नुसता फॉर्म आहे. एनआयएलच्या, म्हणजे कॉलेजात असताना स्वतःचं नाव-चेहरा वापरू देऊन पैसे मिळवायच्या, कामासाठीचा एजंट वेगळा, त्याला मनाई नाही, पण कागद एकाच माणसाने दोन्हीचे आणले तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन हातात घेऊ देऊ नका. त्याआधी मुलाला कोचकडून लीगच्या ॲडव्हायजरी कमिटीकडे अर्ज करायला सांगा, खर्च काही नाही, ते तीनच उत्तरं देतात, पहिला राउंड, दुसरा राउंड, किंवा कॉलेजातच राहा. नाव द्यायची मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे अर्ज आत्ताच करायला हवा. तिसरं उत्तर येईल असा माझा अंदाज आहे, आणि ते लीगकडून आलं तर तुम्हाला किंवा ह्यांना वाईटपणा घ्यायला नको. फक्त हे बोलणं रविवारी काढू नका, आदल्या दिवशीच्या मॅचने त्याचं अंग ठणकत असतं, मंगळवारी जेवताना काढा.